नकाशा-डेटाच्या एपीआय टेस्ट कधी पास, कधी फेल: कारण शोधायचा क्रम

आधी लक्षणं बघा. यातलं काही तुमच्याकडे वारंवार होत असेल, तर पुढे वाचा.

– टेस्ट लॅपटॉपवर पास होते, सीआयवर (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) फेल. काहीही न बदलता परत रन केली की पास.
– एपीआयचा (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून डेटा मागायची सोय) स्टेटस २००, म्हणजे ‘विनंती यशस्वी’, जीओजेसनची (नकाशा-डेटा मजकुरात लिहायची पद्धत) रचना अगदी बरोबर, पण फीचर (गाव, रस्ता अशी नकाशावरची एकेक वस्तू) शून्य. किंवा डब्ल्यूएमएसकडून (नकाशा चित्र म्हणून देणारी सेवा) चित्र येतं, पण कोरं.
– पुण्याच्या बिंदूवर लिहिलेली टेस्ट पास, तीच नागपूरच्या बिंदूवर फेल.
– कोऑर्डिनेटचे शेवटचे दोन-तीन आकडे जुळत नाहीत म्हणून टेस्ट लाल.
– रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे केलेला कमिटच नेमका अडकतो.
– ‘कऱ्हाड’ शोधलं की रिकामी यादी येते. टेबलात मात्र ‘कऱ्हाड’ डोळ्यांसमोर दिसतंय.
– सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि वापरणारा कळवतो की आमचं गाव समुद्रात दाखवताय.

शेवटचं लक्षण सगळ्यांत गंभीर. लाल टेस्ट निदान लक्ष वेधून घेते, पण चुकीच्या कारणाने हिरवी झालेली टेस्ट वर्षभर कुणाच्या नजरेस पडत नाही.

माझ्यासमोर येणारी मांडणी साधारण अशी असते: खाली पोस्टजीआयएस (पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशा-डेटा हाताळू देणारी जोड), वर जीओसर्व्हर (तो डेटा बाहेर देणारा तयार सर्व्हर) किंवा स्वतः लिहिलेली एपीआय, तिच्यातून गावं, तालुके, रस्ते, पर्जन्यमापक केंद्रं जीओजेसनमध्ये बाहेर पडतात, काही लेयर डब्ल्यूएमएसने चित्र म्हणून जातात, आणि टेस्ट पायथनमध्ये पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनावर लिहिलेल्या. तुमची भाषा वेगळी असली तरी बिघाड हेच असतात. पुढचा क्रम फुकट आणि पाच मिनिटांच्या तपासणीपासून सुरू होतो आणि महागड्या, वेळखाऊ तपासणीकडे जातो. क्रम मोडू नका. आवृत्त्या बदलण्यात दोन दिवस घालवल्यावर कळतं की अक्षांश-रेखांशच उलटे होते, हे फार वेळा घडताना पाहिलंय.

त्याआधी दोन गोष्टी करायच्या नाहीत. लाल टेस्ट हिरवी होईपर्यंत रिरन करायची नाही, आणि तुलनेतली सूट वाढवायची नाही. दोन्हींनी पुरावा पुसला जातो.

१. फेल झालेला रिस्पॉन्स उघडून बघा

खर्च शून्य. टेस्ट फेल झाली की पूर्ण विनंती, सगळे हेडर आणि पूर्ण उत्तर फाइलमध्ये साठवायची सोय आधी करा आणि ती फाइल सीआयमधून खाली उतरवता येईल अशी ठेवा. ‘अपेक्षित ५, मिळाले ०’ एवढ्या ओळीवरून निदान होत नाही.

डब्ल्यूएमएसच्या बाबतीत ही तपासणी जास्तच गरजेची, कारण लेयरचं नाव चुकलं, स्टाइल सापडली नाही, तरी बरेच सर्व्हर स्टेटस २००च देतात. चूक सांगणारं एक्सएमएल उत्तराच्या पोटात असतं. स्टेटस २०० आहे एवढंच तपासणारी टेस्ट तिथे आनंदाने पास होते. म्हणून तीन गोष्टी तपासा. कंटेंट-टाइप खरंच पीएनजी आहे का? पहिले आठ बाइट १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असेच आहेत का? आणि चित्रात पारदर्शक नसलेले पिक्सेल आहेत का? तिसरा प्रश्न विचारल्याशिवाय कोरं चित्र पकडता येत नाही, कारण कोरी पीएनजीसुद्धा पूर्णपणे वैध पीएनजी असते.

जाता जाता कॅशही बघा. मधे टाइल-कॅश असेल, तर तुम्ही आजचा कोड तपासताय आणि उत्तर परवाचं येतंय असं होऊ शकतं. टेस्टसाठी कॅश बंद ठेवा, किंवा थेट मूळ सर्व्हरला विचारा.

२. अक्षांश आधी की रेखांश आधी

माझ्याकडे आलेल्या तक्रारींत सर्वाधिक वेळा दोष इथेच सापडलाय, म्हणून इथे जरा थांबतो.

नियम एकच नाही, हाच घोळ आहे. जीओजेसनच्या मानकात, म्हणजे २०१६च्या आरएफसी ७९४६मध्ये, आधी रेखांश, मग अक्षांश. डब्ल्यूएमएस १.१.१मध्ये ईपीएसजी ४३२६ (अंशांतल्या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीचा क्रमांक) मागितलं तर बीबॉक्समध्ये (हव्या असलेल्या चौकटीचे चार आकडे) आधी रेखांश. डब्ल्यूएमएस १.३.० मध्ये तेच ईपीएसजी ४३२६ मागितलं तर आधी अक्षांश. पॅरामीटरचं नावही तिथे एसआरएसचं सीआरएस झालं. १.३.० वापरूनही रेखांश आधी द्यायचा असेल, तर सीआरएस:८४ मागायचं. ओजीसी या नकाशा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नव्या फीचर एपीआयमध्ये बीबॉक्सला वेगळं काही सांगितलं नाही, तर सीआरएस ८४च धरतात, म्हणजे रेखांश आधी. यात भर म्हणून जीडीएएल या नकाशा-डेटा वाचणाऱ्या लायब्ररीने २०१९मध्ये ३.० आवृत्तीपासून अधिकृत व्याख्येतला अक्षक्रम पाळायला सुरुवात केली. जुनी स्क्रिप्ट नव्या जीडीएएलवर चालवली की क्रम गुपचूप उलटतो. पायथनमधल्या पायप्रोज या कोऑर्डिनेट-रूपांतराच्या लायब्ररीत ‘ऑलवेज एक्सवाय’ हा पर्याय याचसाठी आहे. तो प्रत्येक ठिकाणी स्पष्टपणे चालू ठेवा.

आता महाराष्ट्रातल्या डेटाची खास अडचण. अक्षांश उणे ९० ते ९० या मर्यादेत आहे का, अशी तपासणी बहुतेक टेस्टमध्ये असते, आणि ती पुरेशी आहे असं वाटतं. टोकियोचा रेखांश १३९च्या पुढे, सॅन फ्रान्सिस्कोचा उणे १२२. ते अक्षांशाच्या जागी गेले की मर्यादा ओलांडतात आणि टेस्ट लगेच ओरडते. आपले रेखांश ७२.६ ते ८०.९ या पट्ट्यात येतात. हे सगळे आकडे अक्षांश म्हणूनही वैध आहेत. त्यामुळे परदेशी उदाहरणातून उचललेली मर्यादा-तपासणी आपल्याकडे काहीच पकडत नाही. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ उलटे केले, तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात पडतो. नागपूरचे २१.१५ आणि ७९.०९ उलटे केले, तर थेट स्वालबार्डमध्ये. दोन्ही वेळा मर्यादा-तपासणी पास.

उपाय सोपा आहे. महाराष्ट्राच्या डेटासाठी अक्षांश १५ ते २३ आणि रेखांश ७२ ते ८१ अशी घट्ट चौकट टेस्टमध्ये लिहा. दोन्ही पट्टे एकमेकांना कुठेच शिवत नाहीत, त्यामुळे उलटापालट झाली की टेस्ट हमखास फेल होते. त्याशिवाय किमान एक टेस्ट अशी हवी की जी ठाऊक असलेला बिंदू देते आणि त्या गावाचं नाव परत येतंय का ते बघते. ‘पुण्याचा बिंदू दिला, पुणे जिल्हा आला’ ही टेस्ट रचना तपासणाऱ्या दहा टेस्टपेक्षा मोलाची आहे. असे बिंदू एकाच शहराचे नकोत. पुणे, नागपूर, रत्नागिरी, कोल्हापूर असे चार कोपरे घ्या. नागपूर का, ते पुढे येईलच.

बीबॉक्स उलटा गेला की सर्व्हर चूक म्हणत नाही. त्या समुद्रात आपल्या लेयरमधलं काहीच नाही, म्हणून तो प्रामाणिकपणे शून्य फीचर किंवा कोरं चित्र देतो. वरच्या यादीतलं दुसरं लक्षण बहुतेक वेळा इथून येतं.

३. घड्याळ

सीआयची मशीन बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) चालतात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात यूटीसीमध्ये अजून कालची तारीख असते. ‘आजचा पाऊस’ किंवा ‘आज बदललेली फीचर’ मागणारी टेस्ट याच साडेपाच तासांत मोडते आणि सकाळी ऑफिसात कुणी बघेपर्यंत आपोआप बरी होते. लाल रनच्या वेळा एका खाली एक लिहून काढा. सगळ्या या पट्ट्यात पडत असतील, तर कारण सापडलं. टेस्टमध्ये ‘आत्ता’ कधीच खऱ्या घड्याळातून घेऊ नका. ठरावीक तारीख गोठवून द्या, आणि एक टेस्ट मुद्दाम पहाटे तीनची वेळ गोठवून लिहा.

याच्याच शेजारचा दुसरा बिघाड: तारखेच्या पॅरामीटरमध्ये ‘+०५:३०’ तसंच पाठवलं, तर यूआरएलमधलं अधिक चिन्ह बऱ्याच सर्व्हरवर रिकामी जागा म्हणून वाचलं जातं. मग कधी ४०० (‘विनंती चुकीची’) येतो, कधी तारखेची अट सरळ गळून जाते आणि सगळा डेटा येतो. यूआरएल हाताने जोडू नका. पॅरामीटर लायब्ररीकडे द्या, ती एन्कोड करते.

४. टेस्ट बाहेरच्या सेवेला हात लावते का

नेटवर्क बंद करून टेस्ट चालवा. जी फेल झाली ती बाहेर जाते. नॉमिनाटिमच्या (ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात ठिकाणं शोधून देणाऱ्या) सार्वजनिक सेवेची अट सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती अशी आहे, आणि सीआयवर चार टेस्ट समांतर चालल्या की ती तिथेच मोडते. शिवाय ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा सतत बदलत असतो. कुणी स्वयंसेवकाने रस्त्याचं नाव दुरुस्त केलं की तुमची टेस्ट फेल, आणि चूक कुणाचीच नाही. उत्तर एकदा नोंदवून फिक्स्चर (टेस्टसाठी साठवलेला ठरावीक डेटा) म्हणून ठेवा आणि रोजच्या टेस्ट त्यावर चालवा. खऱ्या सेवेशी बोलणारी एखादी टेस्ट हवीच असेल, तर ती वेगळी, दिवसातून एकदा, आणि मर्ज अडवणार नाही अशी ठेवा. लोकवर्गणीवर चालणाऱ्या सेवेवर आपल्या पाइपलाइनचा भार टाकणं तसंही योग्य नाही.

५. फीचरचा क्रम आणि पानं

क्वेरीत क्रम सांगितला नसेल, तर पोस्टग्रेस कुठल्याही क्रमाने ओळी देऊ शकतं. छोट्या टेबलात ओळी घातल्या त्याच क्रमाने येतात, म्हणून लॅपटॉपवर सगळं सुरळीत दिसतं. एखादी ओळ अपडेट झाली की तिची नवी प्रत वेगळ्या जागी लिहिली जाते आणि क्रम हलतो. मोठ्या टेबलावर दुसरं स्कॅन आधीच चालू असेल, तर पोस्टग्रेस त्याच्याबरोबर मधूनच वाचायला सुरुवात करतं. म्हणून ‘पहिलं फीचर पुणे असावं’ ही टेस्ट समांतर रनमध्ये फेल होते.

इथे टेस्ट सुधारायची की एपीआय? माझं मत: एपीआयचा तो पत्ता (एंडपॉइंट) उत्तर पानापानाने देत असेल तर एपीआय सुधारा. क्रम ठरलेला नसेल, तर एक गाव दोन पानांवर येतं आणि दुसरं कुठल्याच पानावर येत नाही. म्हणजे टेस्ट खरा दोष दाखवत होती. प्रायमरी कीवर क्रम लावा. मग सगळी पानं ओलांडून आयडी गोळा करणारी टेस्ट लिहा: एकही आयडी दोनदा येऊ नये, आणि एकूण संख्या एपीआयने सांगितलेल्या जुळणाऱ्या संख्येइतकीच भरावी. ओजीसी फीचर एपीआयच्या मानकात नमुन्यादाखल डीफॉल्ट मर्यादा १० दिली आहे आणि बरेच सर्व्हर ती तशीच ठेवतात. ‘दहाच गावं का येतात’ याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं. पानं नसतील, तर मात्र टेस्टमध्येच आयडीने लावून किंवा संच करून तुलना करा.

६. देवनागरी नावं

‘कऱ्हाड’ आणि ‘कऱ्हाड’ पडद्यावर सारखे दिसले तरी बाइट वेगळे असू शकतात. ‘ऱ’ हे एक अक्षर म्हणून साठवता येतं, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणूनही. जुन्या फॉन्टमधून रूपांतरित केलेल्या याद्यांमध्ये तिसरा प्रकारही भेटतो: ‘र’, हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह. वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे, अशी नावं आपल्याकडे भरपूर आहेत, आणि इतर भाषिकांनी लिहिलेल्या टेस्ट-डेटात ती कधीच नसतात.

डेटा भरताना आणि शोधताना, दोन्हीकडे युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणणं) करा. त्याने नुक्त्याचा प्रकार मिटतो. अदृश्य जोडचिन्ह मात्र एनएफसीने जात नाही, त्यासाठी तो प्रकार सरळ ‘ऱ’कडे वळवणारा वेगळा नियम लिहावा लागतो. सगळी अदृश्य चिन्हं सरसकट उडवू नका, नाहीतर ‘ऱ्हा’चा ‘र्हा’ होऊन बसेल. टेस्टमध्ये तिन्ही प्रकारांनी विचारा, उत्तर एकच गाव यायला हवं.

नावांच्या क्रमाची टेस्ट असेल, तर डेटाबेसचं कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारे नियम) तपासा. मॅक, तसंच डेबियन आणि अल्पाइन या लिनक्स-प्रकारांवरच्या इमेज (डॉकरने चालवायचे तयार संच) नावं वेगवेगळ्या क्रमाने लावतात. अल्पाइनच्या मुसल लायब्ररीत भाषेनुसार क्रम लावायची सोयच जवळपास नाही. लॅपटॉप आणि सीआय यांत हा फरक असेल, तर आयसीयू (युनिकोडचे नियम पाळणारी लायब्ररी) कोलेशन स्पष्ट नोंदवा.

७. आकड्यांची तुलना

कोऑर्डिनेट अगदी तंतोतंत जुळावेत असा आग्रह धरू नका, पण किती सूट द्यायची ते मीटरमध्ये विचार करून ठरवा. अंशाच्या सहाव्या दशांश स्थळी साधारण दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. गावांच्या हद्दीसाठी तेवढं भरपूर झालं. पोस्टजीआयएसने जीओजेसनमधली डीफॉल्ट दशांश स्थळं ३.० आवृत्तीत १५ वरून ९ वर आणली. उत्तराची मजकूर म्हणून तुलना करणाऱ्या कितीतरी टेस्ट तेव्हा एका झटक्यात मोडल्या.

पायटेस्टचं ‘ॲप्रॉक्स’ वापरणाऱ्यांनी हे नीट बघावं. त्याची डीफॉल्ट सूट अपेक्षित आकड्याच्या दहा लाखाव्या भागाइतकी असते, म्हणजे आकडा मोठा तर सूटही मोठी. पुण्याच्या रेखांशावर, ७३.८६ वर, ती जमिनीवर जवळजवळ आठ मीटर भरते आणि अक्षांशावर, १८.५२ वर, दोन मीटर. एकाच बिंदूला पूर्व-पश्चिम चौपट ढिलाई, आणि ती कुणी ठरवलेलीसुद्धा नाही. निरपेक्ष सूट स्वतः द्या. ती दिली आणि सापेक्ष दिली नाही, की पायटेस्ट फक्त तुमचीच धरतं.

पॉलिगॉनची तुलना बिंदूंच्या यादीने करू नका. तोच पॉलिगॉन वेगळ्या कोपऱ्यापासून सुरू झाला किंवा उलट दिशेने फिरला, तरी आकार तोच असतो. दोन पॉलिगॉनमध्ये जो भाग एकातच आहे त्याचं क्षेत्रफळ काढा आणि ते ठरलेल्या मर्यादेखाली आहे का बघा.

८. डेटाबेस खरंच तयार झाला होता का

‘कनेक्शन नाकारलं’ किंवा ‘टेबल सापडत नाही’ अशी चूक फक्त सीआयवर, तीही अधूनमधून येत असेल, तर इथे बघा. पोस्टग्रेसची डॉकर इमेज पहिल्यांदा सुरू होताना सुरुवातीच्या स्क्रिप्ट चालवायला तात्पुरता सर्व्हर उभा करते, काम झालं की तो बंद करते, आणि मग खरा सर्व्हर सुरू करते. तात्पुरता सर्व्हर फक्त आतल्या सॉकेटवर ऐकतो. तुमची हेल्थ-चेक (सर्व्हर तयार आहे का हे विचारणारी तपासणी) त्याच सॉकेटवरून विचारत असेल, तर तिला ‘तयार आहे’ असं उत्तर मिळतं, टेस्ट धावत सुटतात, आणि मधेच सर्व्हर बंद होतो. हेल्थ-चेकमध्ये होस्ट म्हणून १२७.०.०.१ द्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे शेवटी भरल्या जाणाऱ्या टेबलातल्या ओळी मोजा. दहा सेकंद झोपण्याची आज्ञा हा उपाय नव्हे. मशीनवर भार असला की तेही कमी पडतात.

९. आवृत्त्या

इथून पुढचं काम वेळ खातं. पोस्टजीआयएसची पूर्ण आवृत्ती सांगणारी क्वेरी लॅपटॉपवर आणि सीआयवर चालवा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. पोस्टजीआयएस, आणि त्याखालच्या जीईओएस (भूमिती) व प्रोज (कोऑर्डिनेट-रूपांतर) या लायब्ररी, तिन्हींचे आकडे बघायचे. पोस्टजीआयएस तेच असून खालचं जीईओएस वेगळं, असं वरचेवर आढळतं. जीईओएस ३.९ मध्ये छेद आणि संयोग काढायची पद्धतच नवी आली. निकाल भूमितीच्या दृष्टीने बरोबरच असतो, पण बिंदूंचा क्रम किंवा शेवटचे दशांश वेगळे येऊ शकतात. इमेजला ‘लेटेस्ट’ हा टॅग ठेवला असेल, तर हा फरक एखाद्या सोमवारी काही कारण नसताना उगवतो. टॅग नेमका लिहा, शक्य असेल तर डायजेस्टसकट (त्या इमेजची नेमकी ओळख सांगणारा कोड). आवृत्ती वाढवायची ती स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे काय मोडलं ते कळतं.

१०. मीटर आणि यूटीएम झोन

आता नागपूर. यूटीएम या मीटरमध्ये मोजायच्या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे झोन पाडलेत, आणि महाराष्ट्र त्यातल्या दोन झोनमध्ये येतो: ७८ अंश पूर्वेपर्यंत झोन ४३, पुढे झोन ४४. सीमा अमरावती आणि यवतमाळ यांच्या मधून जाते. पुण्या-मुंबईच्या टीमने लिहिलेल्या कोडमध्ये ईपीएसजी ३२६४३ (झोन ४३) ठोकून बसवलेला असतो, आणि पूर्व विदर्भाचा डेटा ३२६४४ मध्ये (झोन ४४) येतो. झोन ४४चा डेटा ४३चा म्हणून भरला, तर प्रत्येक बिंदू बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकतो. नागपूर गुजरातेत, सुरतजवळच्या बारडोलीच्या आसपास जाऊन बसतं. आकडे दिसायला ठीक, अक्षांशही तोच, आणि महाराष्ट्राच्या चौकटीची तपासणीसुद्धा पास, कारण ७३.०९ त्या चौकटीत येतं. म्हणूनच नाव विचारणारा बिंदू नागपूरचाही हवा असं वर म्हटलं.

वेब मर्केटरमध्ये (वेब-नकाशांची नेहमीची पद्धत, ईपीएसजी ३८५७) अंतरं मोजणाऱ्या टेस्टही इथेच फेल होतात. तिच्यातला हजार मीटरचा बफर (बिंदूभोवतीचा पट्टा) पुण्यात जमिनीवर ९४८ मीटर भरतो, नागपुरात ९३३. ‘शाळेपासून एक किलोमीटरच्या आत’ असं एपीआय सांगत असेल, तर ते चूक आहे, आणि टेस्टमध्ये सूट वाढवणं म्हणजे काठावरच्या घरांना चुकीचं उत्तर देणं. अंतर पोस्टजीआयएसच्या जिओग्राफी प्रकारावर (पृथ्वीची गोलाई धरून मोजणारा) किंवा योग्य झोनमध्ये मोजा.

११. चित्रांची तुलना

हे शेवटी, कारण सगळ्यांत जास्त श्रम आणि सगळ्यांत कमी माहिती. कडांचा गुळगुळीतपणा फॉन्ट-लायब्ररी आणि आवृत्तीनुसार बदलतो, त्यामुळे पिक्सेल-पिक्सेल जुळवणी टिकत नाही. सीआयच्या कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्ट नसेल, तर गावांच्या नावांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. नोटो सान्स देवनागरी इमेजमध्येच बसवा. संदर्भ-चित्रं लॅपटॉपवर काढून कमिट करू नका, ज्या कंटेनरमध्ये टेस्ट चालते त्यातच काढा. आणि फार थोडी ठेवा: एक लेबलांचं, एक रंगांच्या स्टाइलचं. बाकी सगळं डेटाच्या पातळीवर तपासता येतं.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

सगळे बिंदू एकाच दिशेला, साधारण सारख्याच अंतराने सरकलेले दिसत असतील, आणि ते अंतर शंभर मीटरच्या घरातलं असेल, तर थांबा. जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षणाचे छापील नकाशे) काढलेला डेटा एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मोजमापावर, आधारलेला असतो. त्याला डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ते मोजमाप) समजून भरलं की असाच फरक पडतो. अंदाजाने आकडे वजा करून टेस्ट हिरवी करू नका. भूमापन किंवा जिओडेसी जाणणारा माणूस गाठा, कुठलं रूपांतर वापरायचं हे त्याने ठरवायचं.

दोन स्रोतांत गावाची हद्द वेगळी असेल, तर खरी कुठली हे ठरवणं टेस्ट लिहिणाऱ्याचं काम नाही. जमिनीच्या हद्दीचा प्रश्न भूमी अभिलेख विभागाकडे जातो आणि देशाच्या सीमेचा सर्व्हे ऑफ इंडियाकडे. टेस्टने एवढंच बघावं की ठरवून दिलेला स्रोत एपीआयमधून जसाच्या तसा बाहेर येतोय.

चालू प्रॉडक्शन डेटाबेसची मूळ इमेज किंवा ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, आणि त्यानंतर नावाने शोधल्यावर असलेली ओळ सापडेनाशी झाली, तर डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) लगेच फोन करा. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत कोलेशन मोठ्या प्रमाणावर बदललं. जुन्या क्रमाने बांधलेले इंडेक्स नव्या क्रमात चुकीची उत्तरं देतात आणि युनिक बंधनं मोडून दुहेरी ओळी शिरू शकतात. इंडेक्स परत बांधण्याआधी त्या ओळी शोधाव्या लागतात. टेस्टच्या डेटाबेसवर हे स्वतः करून बघा, प्रॉडक्शनवर नाही.

आणि वरच्या अकरा तपासण्या करूनही टेस्ट फक्त भाराखाली मोडत असेल, एकेकटी चालवली की कधीच नाही, तर प्रश्न टेस्टचा राहिलेला नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे द्या.

देताना या गोष्टी बरोबर द्या: फेल झालेली पूर्ण विनंती, तिचं साठवलेलं उत्तर, आवृत्त्यांच्या क्वेरीची दोन्हीकडची उत्तरं, लाल रनच्या वेळा, आणि जागा ठाऊक असलेला एक बिंदू, तो कुठे दिसायला हवा होता आणि कुठे दिसतोय त्याच्यासकट.